राहतोस कुठे आणि कार्ड कुठलं?

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजच्या भागात मागून रिक्षांचे आणि कुकरच्या शिट्ट्यांचे आवाज आले तर माफ करा. घरातूनच रेकॉर्ड करतोय. घर म्हणजे पेणकरपाडा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुंबई दहिसरला संपते आणि चेकनाका ओलांडला की मीरा-भाईंदर सुरू होतं. तिथेच आहोत आम्ही.

आजचा विषय ऐकायला कंटाळवाणा आहे. सरकारी आरोग्य विमा आणि त्यासाठी लागणारा रहिवासाचा पुरावा. लगेच पुढे ढकलू नका. तुमच्यापैकी निम्मे लोक भाड्याने राहतात, गाव एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे. हे तुमचंच आहे.

सुरुवात आमच्या बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्या चाचांपासून करतो. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याचे. २००६ पासून इथे. मी शाळेत होतो तेव्हा माझा युनिफॉर्म त्यांनी इस्त्री केलाय, कॉलेजच्या कॅम्पस इंटरव्ह्यूचा शर्टसुद्धा त्यांनीच. आई त्यांना अजून 'भाईसाब' म्हणते आणि ते आईला 'भाभी'.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी गुमटी बंद दिसली. संध्याकाळी कळलं, छातीत दुखायला लागलं म्हणून भाच्याने दवाखान्यात नेलंय. हा भाचा गावाहून येऊन जेमतेम आठ महिने झाले होते, डिलिव्हरीचं काम करायचा. अँजिओग्राफी झाली, दोन ब्लॉकेज निघाले. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण आठवड्याभरात अँजिओप्लास्टी करून घ्या. हॉस्पिटलने खर्चाचा कागद हातात दिला. एक लाख साठ हजार.

चाचा मला म्हणाले, "बेटा, तू कम्प्युटरवाला है. सरकारी कार्ड का कुछ होता है ना?"

होतं ना. मला चांगलं माहीत होतं, कारण आम्ही ते वापरलं होतं. माझे पप्पा १९९४ साली सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला आले. २०१५ मध्ये त्यांच्या किडनीतला मोठा खडा काढायचा होता. तेव्हा राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होती. ही योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरपासून राज्यभर. पप्पांचं केशरी राशनकार्ड तेव्हाही गावचंच होतं. हॉस्पिटल ठाणे जिल्ह्यातलं, कार्ड सातारा जिल्ह्यातलं. कुणी एक प्रश्न विचारला नाही. ऑपरेशन झालं, एक रुपया लागला नाही.

तीच योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. १ जुलै २०२४ पासून ती आणखी वाढली. आधी पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना दीड लाखाचं संरक्षण होतं, आता पांढऱ्या कार्डवाल्यांसकट राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत. ज्यांच्याकडे राशनकार्डच नाही, त्यांना अधिवास प्रमाणपत्रावर, म्हणजे आपण ज्याला डोमिसाइल म्हणतो त्यावर. चांगली योजना आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

म्हणून मी चाचांची फाइल घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे गेलो. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये हा माणूस बसतो, त्याचं काम आपल्याला मदत करणं. त्याने विचारलं, "राशनकार्ड?" मी दिलं. त्याने उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे यूपीचं आहे. महाराष्ट्राचं लागेल. नाहीतर डोमिसाइल आणा."

नीट बोलला बिचारा. नियम त्याने केला नव्हता.

डोमिसाइलसाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. मला वाटलं, सोपं आहे! चाचांना तर अठरा वर्षं झालीत. घरी येऊन त्यांची पत्र्याची पेटी उघडली. त्यात काय होतं? आधार, पत्ता जौनपूरचा. मतदार ओळखपत्र जौनपूरचं. बँकेचं पासबुक गावच्या शाखेचं. खोली पहिल्या दिवसापासून तोंडी भाड्याने, करार कधी झालाच नाही. लाइटबिल घरमालकाच्या नावावर. मुलं गावी शिकली, म्हणजे इथला शाळेचा दाखलाही नाही.

अठरा वर्षं हा माणूस रोज सकाळी सातला गुमटी उघडतोय. अख्ख्या बिल्डिंगला माहितीये. आणि तो इथे राहतो असं सांगणारा एकही कागद नाही. पंधरा वर्षं राहणं वेगळं आणि पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा असणं वेगळं. माझे पप्पा आणि चाचा, दोघंही पोटासाठीच बाहेरून आले. पप्पा आले तेव्हा वाटेत राज्याची हद्द लागली नाही, चाचांना लागली. फरक एवढाच.

आता इथे माझी एक कबुली. मी नोकरीत फॉर्म बनवतो. एका क्लायंटच्या ॲपमध्ये 'कायमचा पत्ता' हा रकाना सक्तीचा ठेवलाय, तो मीच लिहिलाय. कागदावरचा पत्ता आणि भरलेला पत्ता जुळला नाही की लाल अक्षरात चूक दाखवतो. टेस्टिंगला मी माझाच पत्ता टाकला होता. चालला की! पेटीतले कागद बघताना मला ती लाल अक्षरं आठवली.

आता दुसरी बाजूही बघूया, कारण ती खोटी नाही. राज्य पैसे देणार, तर कुणासाठी देणार हे राज्याला ठरवावंच लागेल. नाहीतर लोक फक्त ऑपरेशनपुरते येतील, असं कुणी म्हणालं तर तो मुद्दा आहे. जगभर हा प्रश्न आहे. पण तो सोडवायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत.

माझी मामेबहीण, आमची ताई, नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. व्हँकुव्हरच्या शेजारी सरे नावाचं शहर आहे, तिथे. कॅनडात सरकारी विमा प्रांताप्रांताचा असतो. ब्रिटिश कोलंबियात नवीन आलेल्या माणसाला थांबावं लागतं. ज्या महिन्यात आलात तो उरलेला महिना आणि वर दोन महिने. ताई १० सप्टेंबरला पोचली. मग सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, १ डिसेंबरपासून विमा सुरू. मधल्या काळासाठी त्यांनी खाजगी पॉलिसी घेतली. ती तेव्हा गरोदर होती, त्यामुळे मामी इथे देव पाण्यात घालून बसलेली. पण ताईने फ्रिजवर तारीख लिहून ठेवली होती. १ डिसेंबर. त्या दिवशी कार्ड चालू झालं.

हे थांबणं किती असावं यालाही तिथे मर्यादा आहे. १९८४ चा कॅनडा हेल्थ ॲक्ट सांगतो की कुठल्याही प्रांताने तीन महिन्यांपेक्षा जास्त थांबवायचं नाही. ऑन्टारियोत पूर्वी पूर्ण तीन महिने थांबवायचे, मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा त्यांनी ती अटच काढून टाकली.

बरं, कॅनडा लांब आहे, श्रीमंत आहे. आपल्याच देशातलं केरळ घ्या. २०१७ मध्ये त्यांनी 'आवाज' नावाची विमा योजना आणली, ती खास बाहेरच्या राज्यांतून आलेल्या कामगारांसाठी. सुरुवातीला पंधरा हजारांपर्यंत उपचार आणि अपघाती मृत्यूला दोन लाख. रक्कम छोटी आहे. अँजिओप्लास्टी त्यात होणार नाही. पण तिथे माणूस बाहेरून आलाय हीच पात्रता धरली.

आणि आता आपला महाराष्ट्र. हे ऐकून मी स्वतः थांबलो होतो. २०२३ साली आपल्या सरकारने फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. बेळगाव, कारवार, कलबुर्गी, बिदर या भागांतली गावं. त्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. कर्नाटक सरकारने जोरदार आक्षेप घेतला, दोन्हीकडे राजकारण तापलं. ते सोडा. त्या गावांतल्या मराठी माणसाला उपचार मिळाले तर मला आनंदच आहे, मिळायलाच हवेत. माझा मुद्दा वेगळा आहे. ती माणसं महाराष्ट्रात राहत नाहीत. तरी आपण ठरवलं की ती आपली आहेत, आणि तसा नियम केला, तशी कागदपत्रं ठरवली, पैसेही बाजूला काढले. म्हणजे 'रहिवासी कोण' हे काही दगडावर कोरलेलं नाही. सरकार ठरवतं, आणि ठरवलं तर बदलताही येतं.

मग अठरा वर्षं आपले शर्ट इस्त्री करणाऱ्या माणसासाठी का नाही ठरवता येत? कोणी म्हणेल, उद्यापासून सगळ्यांना द्या. मी तेवढंही म्हणत नाही. मी म्हणतो, मुदत ठरवा. सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. आणि पुरावा असा मागा जो भाडेकरूकडे असू शकतो. मालकाचं पत्र चालेल का, कामाच्या ठिकाणचं चालेल का, ते लिहून टाका. ताईला तीन महिने थांबावं लागलं, पण तिला तारीख माहीत होती. चाचांना ती कधी येणार हे आजही कुणी सांगू शकत नाही.

बरं, राशनकार्डच इकडचं का करत नाहीत, असं माझ्या मित्राने विचारलं. मी चाचांना विचारलं तर ते हसले. इकडे कार्ड करायचं तर तिकडच्या कार्डातून नाव कमी करून तसा दाखला आणावा लागतो, आणि इथल्या पत्त्याचा पुरावा परत लागतोच. शिवाय गावी चाची आणि घरातले सगळे त्याच कार्डावर धान्य घेतात. आपलं नाव काढून तिकडे गडबड झाली तर, ही त्यांची भीती. धान्याचं गणित आता जरा सुटलंय. २०१९ पासून 'एक देश एक राशनकार्ड' टप्प्याटप्प्याने आलं, त्यामुळे यूपीच्या कार्डावर आपल्या वाट्याचं धान्य इथल्या दुकानातही उचलता येतं. म्हणजे गहू-तांदळाला राज्याची हद्द आडवी येत नाही. राज्याच्या विम्याला येते.

आता चाचांचं पुढे काय झालं ते.

मी 'राज्याच्या विम्याला' म्हणालो ते मुद्दाम. केंद्राची योजना वेगळी आहे. आयुष्मान भारत, प्रधानमंत्री जन आरोग्य योजना. सप्टेंबर २०१८ मध्ये रांचीहून सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाख. आणि हिची खासियत म्हणजे ती देशभर चालते. तुम्ही ज्या राज्याचे लाभार्थी, त्या राज्याकडून पैसे येतात, उपचार दुसऱ्या राज्यातल्या यादीवरच्या हॉस्पिटलमध्ये होऊ शकतात. पण त्यासाठी यादीत नाव पाहिजे. आणि मूळ यादी बनली २०११ च्या सामाजिक-आर्थिक-जात गणनेवरून.

रात्री अकरा वाजता मी फोनवर आयुष्मान ॲप उघडलं. राज्य उत्तर प्रदेश, जिल्हा जौनपूर. चाचांच्या नावाने शोधलं, काही नाही. भाचा म्हणाला, "दादा, नाना के नाम से देखो." चाचांच्या वडिलांच्या नावाने टाकलं. एक अक्षर वेगळं करून टाकलं. आणि आलं! अख्खं कुटुंब, त्यात चाचा. वय सात वर्षांनी कमी, नावातली एक वेलांटी गायब, पण चाचाच.

गंमत बघा. २०११ मध्ये चाचा पेणकरपाड्यात होते. गणना करणारा माणूस जौनपूरला घरी गेला, घरच्यांनी सांगितलं हा आमचाच मुलगा, त्याने लिहून घेतलं. ज्या घरात ते राहत नव्हते त्या घराच्या नोंदीने त्यांना वाचवलं. जिथे राहत होते तिथे नोंदच नव्हती.

पुढचं सोपं नव्हतं. ई-केवायसीला ओटीपी पाहिजे, आधारला जोडलेला नंबर बंद पडलेल्या सिमचा. बोटांचे ठसे घ्यायला गेलो तर मशीन घेईना, इतकी वर्षं गरम इस्त्री धरून बोटं गुळगुळीत झालीत. शेवटी चेहरा दाखवून पडताळणी झाली. नाव आणि वय नीट जुळत नव्हतं म्हणून अर्ज तपासणीला गेला. ते दोन दिवस मी दर तासाला ॲप उघडून बघत होतो, ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा. चाचा मात्र शांत. "जो होगा सो होगा" म्हणत पडून होते, भाचाच रात्रभर जागा.

कार्ड आलं. पहिल्या हॉस्पिटलने सांगितलं, बाहेरच्या राज्याचं आम्ही करत नाही. मी १४५५५ वर फोन केला, जवळची यादीवरची हॉस्पिटलं विचारून घेतली. दुसऱ्या ठिकाणी झालं. मंजुरी यायला आणखी दोन दिवस लागले. डॉक्टरांनी आठवडा सांगितला होता, अँजिओप्लास्टी नवव्या दिवशी झाली. त्या दोन जादा दिवसांत काही झालं असतं तर, हा विचार मी अजून पुरता झटकू शकलेलो नाही. तो उशीर सगळा कागदांचा होता.

आज चाचा गुमटीवर आहेत. जड कपड्यांना भाचा हात लावतो.

आता कामाचं. फोन हातातच आहे तर हे करून टाका, स्वतःसाठी आणि बिल्डिंगमधल्या एखाद्यासाठी.

एक. महाराष्ट्राचं राशनकार्ड असेल, कुठल्याही जिल्ह्याचं, कुठल्याही रंगाचं, तर फुले योजना तुम्हाला आहे. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर आहे का ते बघा, घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का बघा. नवीन लग्न झालंय, बाळ झालंय, तर नाव चढवून घ्या. योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

दोन. बाहेरच्या राज्यातून आला असाल तर आयुष्मान ॲपमध्ये आपल्या मूळ राज्यात नाव शोधा. वडिलांच्या, आजोबांच्या नावाने शोधा, स्पेलिंग बदलून शोधा. आजारी पडायच्या आधी कार्ड काढा. घरात सत्तर वर्षं किंवा वरचं कुणी असेल तर त्यांना उत्पन्नाची अट नाही, २०२४ पासून त्यांचं वेगळं कार्ड निघतं.

तीन. नोकरीत पगार महिना एकवीस हजारांपर्यंत असेल आणि तिथे दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयसी लागू आहे का विचारा. तुमच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. तिथे गाव कुठलं, डोमिसाइल कुठलं, कुणी विचारत नाही.

चार. डिलिव्हरी, कॅब असं काम करत असाल तर ई-श्रमवर नोंदणी करा. आधार पुरतं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा कामगारांना आयुष्मानमध्ये घेण्याची घोषणा झाली, आणि तिचा रस्ता ई-श्रममधूनच जातो.

पाच. भाड्याने राहत असाल तर करार नोंदणीकृतच करा. जुने करार फेकू नका, फोटो काढून ठेवा. आधारला चालू नंबर जोडा. कंटाळा येतो, मला माहितीये. मीही टाळत होतो.

आणि विमा नसला म्हणून दवाखान्याचं दार बंद असं समजू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. छातीत दुखत असेल तर आधी जा, कागद नंतर.

भाच्याचं राहिलं. २०११ मध्ये तो लहान होता, बापाच्या घरात नोंद असेल म्हणून शोधलं. त्याच्या वडिलांचं कुटुंब यादीत नाही. म्हणजे त्याच्याकडे आज ना राज्याचा विमा, ना केंद्राचा. दिवसभर बाइकवर असतो, पावसात, चेकनाक्याच्या त्या खड्ड्यांतून. परवा आम्ही दोघांनी बसून त्याची ई-श्रम नोंदणी केली. मग मी घरमालकाकडे गेलो आणि म्हटलं, काका, याचा भाडेकरार नोंदवूया, खर्च आम्ही करतो. काका आधी नाही म्हणाले, मग आईने सांगितल्यावर हो म्हणाले. करारावर तारीख पडलीये. डोमिसाइलची पंधरा वर्षं आता त्या तारखेपासून मोजायची. बोलता बोलता हिशेब केला, तेव्हा तो अडतीसचा असेल.

तोवर नियम बदलला तर बरं.

तुमच्याकडे असा कुणी असेल, किंवा तुम्हीच असाल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. चला, कुकरची चौथी शिट्टी झाली, आई हाक मारतेय. भेटू.